अण्णांचं इंग्रजी

आमच्या तालुक्याच्या गावात इंग्रजी म्हणजे अण्णा, माझे वडील. तिथल्या हायस्कुलात त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं, आणि शाळा सुटल्यावर सगळ्या गावाचं इंग्रजीही स्वतःच्या डोक्यावर घेतलं. कोणाला बँकेच्या साहेबाला अर्ज करायचाय, कोणाच्या निरोप समारंभाला मानपत्र हवंय, चला अण्णांकडे. मग अण्णा चष्मा पुसणार, डोळे मिटणार आणि ‘मोस्ट हंबली’, ‘प्रोफाउंड रिस्पेक्ट’ असलं काहीतरी भारदस्त सोडायला लागणार. ऐकणाऱ्याला ओ की ठो कळायचं नाही, पण त्याची छाती फुगून यायची. माझीही यायची. मला वाटायचं, इंग्रजी असंच असतं, साध्या कपड्यांत ते घराबाहेर पडतच नाही.

तेच इंग्रजी घेऊन मी पीएच.डी.साठी चेन्नईत आले. विषय, किनाऱ्यावरच्या विहिरींचं खारं होत चाललेलं पाणी. बसने शहराबाहेरच्या कोवलमला (केरळातलं ते वेगळं) जायचं, मच्छीमारांच्या वस्तीतल्या विहिरींवर बाटल्या भरायच्या, आणून तपासायच्या. हे काम मला झकास जमायचं. पण विद्यापीठाचा नियम असा, की शोधनिबंध कसा लिहायचा याचा एक वर्ग पहिल्याच वर्षी करायचा आणि त्यात पास व्हायचं. पास झालात तर नाव पक्कं. दोनदा नापास झालात तर गाशा गुंडाळा आणि घरी जा. मी मनात म्हटलं, हात्तिच्या! मी अण्णांची मुलगी, मला कसली आलीय भीती?

पहिलंच काम मिळालं ते असं: आपल्या विषयावर आधी कोणी काय संशोधन केलंय, ते दोन पानांत लिहा. माझ्या विषयात एका वयोवृद्ध शास्त्रज्ञांचं नाव फार मोठं. मी अण्णांना फोन लावला. “एवढा मोठा माणूस,” अण्णा म्हणाले, “त्यांच्याबद्दल नुसतं ‘यांनी अभ्यास केला’ असं लिहितात का? आदर दिसला पाहिजे, बाळ.” आणि त्यांनी सांगितलं, मी उतरवून घेतलं. या विद्वान महोदयांनी आपल्या अगाध व्यासंगाने अंधाऱ्या विषयावर ज्ञानाचा झगझगीत प्रकाश पाडला आहे, आम्ही पामर त्यांच्या ऋणातून कसे उतराई होणार, वगैरे, सगळं इंग्रजीत. वाचून माझ्याच अंगावर मूठभर मांस चढलं.

पुढच्या तासाला मॅडमनी पडद्यावर एक पान लावलं. मॅडम तमिळ, पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या आणि मनाने खरंच चांगल्या. “हे कोणाचं ते मी सांगणार नाही,” असं म्हणून त्या वाचायला लागल्या. दुसऱ्या ओळीला मागच्या बाकावर खुसखुस सुरू झाली. तिसऱ्या ओळीला एक मुलगा म्हणाला, “मॅडम, ही लग्नपत्रिका आहे का?” झालं! सगळा वर्ग फुटला. मॅडमनाही हसू आवरेना. मग डोळे पुसत त्या म्हणाल्या, “हे शास्त्रज्ञ थोर आहेत हे मला कळलं. पण त्यांनी मोजलं काय, आणि त्यांना सापडलं काय?”

कोणाचं ते सांगणार नाही म्हणे! अहो, त्या वर्गात विहिरींवर काम करणारी मी एकटीच. माझ्या बाटल्यांनी प्रयोगशाळेचा फ्रिज अडवलेला, त्यामुळे निम्मा वर्ग माझ्या नावाने आधीच खडे फोडत होता. माझे कान तापले. मी मान खाली घालून बॅगेत काहीतरी शोधायला लागले, ते तास संपेपर्यंत शोधतच राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खरं सांगते, जे हसले त्यांचा राग नाही आला मला. राग आला तो अण्णांचा.

पहिल्या खेपेला मी नापास झाले. आता एकच संधी उरली होती, आणि ती गेली असती तर बाटल्या तिथेच टाकून गावी परत. मॅडमच्या खोलीत माझे खेटे सुरू झाले. हातात पेन्सिल घेऊन त्या ओळीओळीला विचारायच्या, “कोणी मोजलं? काय मोजलं? मग?” ज्या शब्दापाशी उत्तर नाही, तो शब्द कटाप. अख्ख्या पानाच्या दोन ओळी शिल्लक राहायच्या. त्या इतक्या उघड्याबोडक्या दिसायच्या, की माझं नाव त्यांच्यावर घालायची मला लाज वाटायची. ‘या अभ्यासात पावसाळ्यातलं पाणी तपासलेलं नाही’ असं त्या वृद्ध शास्त्रज्ञांबद्दल लिहायची वेळ आली, तेव्हा तर हातच चालेना. आजोबांच्या वयाच्या माणसाला भर पंगतीत, तुम्हाला वाढता येत नाही, म्हणण्यासारखंच ते.

पण हात सरावला. इतका सरावला, की माझ्या वाढदिवसाला अण्णांचा भलामोठा इंग्रजी मेसेज आला आणि मी तो मनातल्या मनात खोडत बसले. हा शब्द कशाला, तो कशाला. शेवटी ‘वाढदिवस’ एवढाच शब्द उरला. मग मला कसंतरीच झालं आणि मी फोन उपडा ठेवून दिला.

अण्णा दर रविवारी विचारायचे, “लिहिलेलं पाठव की, एक नजर टाकतो.” मी म्हणायचे, फाइल मोठी आहे अण्णा, तुमच्या फोनवर उघडायची नाही. “बरं बरं,” ते म्हणायचे, “पण आदर ठेव हो.”

निकालाच्या आठवड्यात अण्णा स्वतःच चेन्नईला आले. आणि काय सांगू, माणूस नुसता खुलला! गावात त्यांचं इंग्रजी कागदावरच राहायचं, बोलणार कोणाशी? इथे मराठीचा प्रश्नच नव्हता, हिंदीला कोणी दाद देत नव्हतं आणि तमिळ त्यांना येत नव्हतं. म्हणजे इंग्रजी आलंच. मेसवाल्याला ‘विथ युवर काइंड परमिशन’, रिक्षावाल्याला ‘आय शॅल बी ग्रेटफुल’. रिक्षावाला आ वासून त्यांच्याकडे बघायचा आणि निमूट मीटर टाकायचा. चेन्नईत कोणी मीटर टाकतं हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. “बघ,” अण्णा म्हणायचे, “माणसाशी अदबीने बोललं की काम होतं.” आणि मी मेली आजूबाजूला बघत राहायचे, ओळखीचं कोणी ऐकत नाहीये ना.

निकालाच्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून तयार. “तुझ्या मॅडमचे आभार मानायला नकोत?” मी म्हटलं, त्या फार घाईत असतात. “एकच वाक्य बोलेन,” ते म्हणाले. ते वाक्य सकाळपासून ओठांवर जुळवणं चाललंय हे मला दिसत होतं. निकालाची धास्ती होतीच, त्यात ही आणखी एक.

मॅडम व्हरांड्यातच समोरून आल्या. लांबूनच हात उंच करून म्हणाल्या, “पास! अगदी स्वच्छ लिहिलंयस.” माझा जीव भांड्यात पडला. मी रडणारच होते, तेवढ्यात त्या हसायला लागल्या. “पण सुरुवात आठवते ना? ती लग्नपत्रिका! कोणी गं शिकवलं होतं तुला तसलं इंग्रजी? ते काढून टाकता टाकता माझा जीव गेला.”

अण्णा माझ्या शेजारी उभे होते. वाक्य सुरू करायला उघडलेलं तोंड त्यांनी हळूच मिटलं.

मॅडमचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. “वडील का? काय करतात?”

केवढं सोपं उत्तर. इंग्रजीचे शिक्षक होते. मॅडमनीच शिकवलेलं, एका ओळीत, फापटपसारा नाही. पण मी म्हणाले, “शेती बघतात.” तसं ते खोटंही नव्हतं, गावाला थोडी जमीन आहे आमची.

“मुलीचा अभिमान वाटत असेल तुम्हाला,” मॅडम त्यांना इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात जोडले, आणि इंग्रजी न कळणारा माणूस जसा हसतो, तसे हसून नुसती मान हलवली. माझं बोलणं त्यांनी खरं करून दाखवलं.

मॅडम गेल्या. आम्ही जिना उतरलो. मला वाटत होतं त्यांनी चिडावं, ओरडावं, निदान दोन शब्द टाकून बोलावं. त्यांनी खिशातून पेढा काढला, सकाळीच घेऊन ठेवला होता, आणि तो माझ्या हातावर ठेवला. मी तो तसाच मुठीत धरून ठेवला. इतकी स्वतःची लाज मला त्या हसणाऱ्या वर्गातही वाटली नव्हती.

फाटकाशी रिक्षा थांबली. ड्रायव्हरने कुठे जायचं विचारलं. मी अण्णांच्या ‘आय शॅल बी ग्रेटफुल’ची वाट बघत राहिले. त्यांनी सदऱ्याची बाही सारखी केली.

“तू सांग, बाळ,” शेवटी ते म्हणाले. “तुझं त्याला नीट कळेल.”