घोडबंदरच्या पायऱ्या

दादा गेला तेव्हा मी खाली भाजी घेत होते. शेजारच्या वहिनींनी खिडकीतून हाक मारली आणि तीन मजले चढतानाच मला कळून चुकलं, आता घाई करून उपयोग नाही... भिंतीला टेकून बसला होता, डोळे मिटलेले.

माझा हा मोठा भाऊ जन्मभर नकाशेच काढत आला. रत्नागिरीहून भाईंदरला आला तो सर्व्हेच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून. निवृत्तीनंतर फुप्फुसं निकामी होत गेली आणि ऑक्सिजनच्या मशीनची नळी नाकाला लागली. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच पुरायची. इमारतीला लिफ्ट नाही. शेवटची दोन वर्षं तो जिना उतरला नाही. त्याला एकटं सोडवत नाही म्हणून मीही भाजीपुरतीच उतरायचे.

त्या दिवसांत देशातल्या जुन्या नकाशांची ऑनलाइन सूची करणाऱ्या एका संस्थेला घरबसल्या काम करणारी माणसं हवी होती. दादाला मोडी वाचता यायची. नकाशाचा फोटो यायचा. त्यावरची गावं, खाड्या, शेरे वाचून ते ठिकाण आज कुठे आहे, हे त्याने लिहायचं. 'चौक' हे गाव म्हणजे रायगडातलं की आपल्या उत्तनजवळचं, यावर तो दोन-दोन दिवस घालवायचा. मुर्ध्याची मालती मासळी घेऊन आली की टोपली दाराशीच राहायची आणि हा तिला स्क्रीनसमोर बसवून मिठागरांची नावं विचारायचा. "ह्यो खालचा आगर," ती बोट ठेवून म्हणायची. "आता न्हाय तो. बिल्डिंग हाय तिथं." तो मान खाली घालून तसंच टाइप करायचा.

गेल्या हिवाळ्यात घोडबंदरचा नकाशा आला. किल्ल्याखाली खाडीत उतरणाऱ्या पायऱ्या दाखवल्या होत्या, पण कागद नेमका तिथेच फाटलेला.

"सुमे, एकदा नेतेस का मला?" दादा म्हणाला. "छोटा सिलिंडर घेऊ, रिक्षाने जाऊ."

"जिना कसा उतरणार? आणि परत चढणार कसा?"

"चौघं मिळून उतरवतील की उचलून."

"बघू. जरा बरं वाटू दे."

बरं वाटणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याने पुन्हा विचारलं नाही. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं, ते आता गिळवत नाही...

तेराव्यानंतर संस्थेचा मेल आला. घोडबंदरची नोंद अपुरी होती. 'जागा प्रत्यक्ष पाहिली का?' हा एकच रकाना त्याने कोरा ठेवला होता. 'नाही' लिहिलं असतं तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी मी बसने एकटीच गेले. ओहोटी होती. जाळं दुरुस्त करत बसलेल्या माणसाला पायऱ्या कुठे ते विचारलं, तर त्याने हात केला, "वो रहा. भरती में डूब जाता है." चिखलातून पाच पायऱ्या वर आलेल्या दिसल्या. फोटो काढला. रिक्षा अगदी जवळपर्यंत येते तिथे. त्याला आणणं एवढं काही अवघड नव्हतं.

घरी येऊन रकान्यात 'हो' लिहिलं. पाहणाऱ्याचं नाव माझं, नोंद करणाऱ्याचं त्याचं. नोंद मंजूर झाली.

आता मला घरात अडकवून ठेवणारं कुणी नाही. तरी दुपारचं जेवण झालं की मी त्याच्या टेबलाशी येऊन बसते, त्याने अर्धवट सोडलेलं काम उघडते. मोडी मला येत नाही. एकमेकांत गुंतलेल्या त्या ओळींवरून नुसती नजर फिरवत राहते, आणि दिवेलागण झाली तरी तिथून उठवत नाही.