झोपलेला बाण

एका हाताच्या बोटांची कडी करायची, तिच्यात बाण सैल उभा धरायचा, त्याचं टोक फळीवर टेकवायचं आणि दुसऱ्या हाताने झटका देऊन तो फिरवायचा. लहानपणी भोवरा एका जागी गरगरताना हलेनासा झाला की आम्ही म्हणायचो, झोपला. तसाच तो बाण फिरायचा. लोखंडी टोक आणि लाकूड जिथे जुळतं तिथे जराही थरथर दिसली नाही, की ते मान वर करून म्हणायचे, "झोपला. घेऊन जा."

या माणसाबद्दल लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. दुबईतल्या जुन्या मंडळींत त्यांचा विषय निघाला की मी चहा आणायला उठायचो. "शेवटी शेवटी नजर गेली होती बिचाऱ्याची," असं कोणीतरी हमखास म्हणायचं, आणि मी स्वयंपाकघरात उगाच साखर ढवळत राहायचो. आता माझंच वय झालंय, चहा दुसरे आणून देतात, उठून जायला निमित्त उरलेलं नाही. म्हणून सांगतो. त्यांची नजर गेली नव्हती. हे मला जितकं ठाऊक आहे तितकं दुसऱ्या कुणालाही नाही.

नव्वदच्या दशकात मी दुबईच्या अल क्वोज भागातल्या एका कंपनीत लाकूड विकायचो. या माणसाचा तिथेच दरवाजे-खिडक्यांचा कारखाना होता. मूळचे रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातले. तरुणपणी दुबईच्या खाडीवर लाकडी गलबतांची डागडुजी करायला आले आणि पुढे स्वतःचा कारखाना काढून बसले. मी त्यांना भाई म्हणायचो. ते मला नावाने कधीच हाक मारत नसत. "ये लाकूडवाल्या," म्हणायचे, "आज काय भंगार आणलंस?"

साधा, गरीब कारागीर वगैरे डोळ्यांसमोर आणू नका. भाई चांगले गब्बर होते, आवाज मोठा आणि बढाया त्याहून मोठ्या. बंद पडलेल्या घड्याळापासून बिघडलेल्या गुडघ्यापर्यंत सगळ्याचा इलाज आपल्याला माहीत आहे असं ते छातीठोकपणे सांगत. अर्ध्या वेळा चुकत. पण चुकलो असं तोंडातून निघणं कठीण.

बाणांचं खूळ डोक्यात शिरलं तेही असंच. भाईंनी ज्यांच्या बंगल्याचे दरवाजे केले होते ते एक वयस्कर अरब गृहस्थ एकदा तुटका लाकडी बाण घेऊन आले. भाई त्यांना अरबाब म्हणत, म्हणजे मालक. इथे शिकारीला बंदी, पण अरबाब दर उन्हाळ्यात रीतसर परवाना काढून आफ्रिकेत शिकारीला जात, तीही जुन्या पद्धतीच्या, चाकं-कप्प्या नसलेल्या लाकडी धनुष्याने. बाण युरोपातून मागवत. "ऐसा बनेगा?" त्यांनी विचारलं.

"क्यूं नहीं बनेगा?" भाई म्हणाले. "दरवाजा बनाता है, ये तो काडी है."

पहिल्या खेपेचे बाण घेऊन आम्ही अरबाबांच्या खवानीजच्या शेतावर गेलो. बरसीम गवताच्या गाठी रचून तिथे निशाण केलेलं होतं. एक बाण कुंपणात घुसला, एक खजुराच्या बुंध्यात आणि एक बकऱ्यांच्या दिशेने असा गेला की बकऱ्या संध्याकाळपर्यंत परत आल्या नाहीत. भाई शांतपणे म्हणाले, "लकडी अच्छा है अरबाब. धनुष खराब है."

अरबाबांनी युरोपातला एक जुना बाण त्याच धनुष्यावर चढवला आणि गाठीच्या मधोमध मारला.

परतीच्या वाटेवर अल क्वोज जवळ आलं. तेव्हा भाई म्हणाले, "लाकूडवाल्या, तुझ्या गोदामात सरळ रेषांचं, एका जातीचं लाकूड किती आहे? मला सगळं बघायचंय."

तो अख्खा हिवाळा ते शिकत होते. कुणी शिकवणारा नव्हता, स्वतःच चुकायचे आणि स्वतःच शिव्या घालायचे. काडी निवडताना ती करवतीच्या लोखंडी टेबलावर घरंगळवून तिचा आवाज ऐकायचे. लाकडाची रेघ मध्येच बाजूने बाहेर पडत असेल तर काडी तिथल्या तिथे गुडघ्यावर मोडायचे. "अशी काडी धनुष्यावर तुटली तर मारणाऱ्याच्याच हातात घुसते," मला सांगायचे. "तुझी कंपनी लाकूड विकते की चकल्या?"

भिंतीत दोन खिळे ठोकले होते. त्यांवर काडी आडवी ठेवायची, मधोमध बिजागऱ्यांनी भरलेली पिशवी टांगायची आणि काडी किती वाकते ते मागच्या भिंतीवर पेन्सिलीने मांडायचं. सारख्या वाकणाऱ्या काड्यांची एक जुडी. "बाण सरळ जातो असं तुला वाटतं," ते म्हणत. "सुटताना तो धनुष्याच्या दांड्याला वळसा घालतो, मासळीसारखा. फार ताठ असला तर वळत नाही, फार नरम असला तर वळतच राहतो. धनुष्य बघून काडी निवडायची."

मग पिसं न लावता ती काडी शेतावर मारून बघायची. पिसं बाणाचे दोष झाकतात, म्हणून आधी नागडा बाण. अरबाब उजव्या हाताने दोरी ओढणारे. बाण डावीकडे गेला की भाई ओरडत, "हट्टी आहे, टोक जड करा!" उजवीकडे गेला की म्हणत, "लेचापेचा आहे, थोडा कापा!" नागडा बाण गाठीत सरळ रुतला, की मगच टर्कीची तीन पिसं, तीही एकाच बाजूच्या पंखाची. आणि सगळ्यात शेवटी शिकारीचं पातं. लाखेसारखा डिंक तापवून ते काडीवर बसवायचं आणि डिंक गरम आहे तोवर बाण फळीवर फिरवत झोपेपर्यंत सरळ करत राहायचं. पुढच्या उन्हाळ्यात अरबाबांनी युरोपातून बाण मागवणं बंद केलं.

मी शाकाहारी माणूस. एकदा विचारलं, "भाई, या शिकारीत तुम्हाला एवढी काय गोडी?"

"मी कधी शिकार केली नाही, करणारही नाही," ते म्हणाले. त्या वेळी आवाजात नेहमीचा तोरा नव्हता. "पण अरबाब करणार. मग जनावर एका बाणात पडलं पाहिजे. पातं वाकडं बसलं, बाण भरकटला, जखमी जनावर झुडपात जाऊन तडफडत राहिलं, तर त्याचा जाब अल्ला अरबाबला विचारणार नाही. मला विचारेल."

डोळ्यांचा त्यांना भारी अभिमान. साठीला आले तरी चष्मा नाही. भाभी मागे लागायच्या, तर म्हणायचे, "चष्मा? मला? तो समोरच्या गोदामावरचा बोर्ड वाचून दाखवू?" आणि फोन नंबरासकट वाचून दाखवायचे.

"रोज तोच बोर्ड बघता," भाभी म्हणायच्या. "पाठ झालाय तुम्हाला. माझी पोथडी शिवायची सुई ओवून दाखवा."

भाई सुई पण ओवून दाखवायचे.

आता ती दुपार. ऐन ऑगस्टमधला गुरुवार होता. अरबाबांचं विमान संध्याकाळी होतं. मी घरी बर दुबईला चाललो होतो, अरबाबांचा बंगला वाटेतच जुमैऱ्यात, म्हणून भाईंनी बाणांचा जुडगा माझ्याकडे दिला. प्रत्येक बाण माझ्यासमोर फळीवर झोपवून दिला. गाडीपर्यंत सोडायला आले आणि काचेवर टकटक करून म्हणाले, "सीधा जायचं. गाडी उन्हात उभी करून कुठे बसू नकोस. डिंक मऊ झाला तर पाती मान टाकतील. समजलं?"

"समजलं भाई. खलास."

मी सरळ गेलो नाही. बायकोने गणपतीच्या मखरासाठी मीना बाजारातून कापड आणायला सांगितलं होतं. वाटलं, आधी तेवढं उरकून घेऊ, मग निवांत जुमैरा. दुकानात एक साताऱ्याकडचा ओळखीचा भेटला. त्याने चहा मागवला, वर गावच्या निवडणुकीचा विषय काढला. मी हसत होतो, टाळ्या देत होतो. बाण मागच्या काचेखाली पडले होते.

परत आलो तेव्हा गाडीचं स्टिअरिंग हात लावू देत नव्हतं. जुडगा उचलला. एका बाणाचं पातं अगदी थोडं, नखभर कललेलं होतं. दुसऱ्याचंही. मी बोटांनी ती सरळ केली. मऊ डिंकात ती सहज वळली, आणि त्याच सहजपणाने मला धीर आला. बाण गाडीच्या बॉनेटवर टेकवून फिरवला. टोकाजवळ थरथर होती. फार नाही. पण होती. आणि मी मीना बाजारच्या त्या गल्लीत उभा राहून, ऐकायला कुणी नसताना, मोठ्याने म्हणालो, "झोपला."

माघारी अल क्वोजला जायला वेळ होता. भाईंनी जळजळीत शिव्या दिल्या असत्या आणि भराभर पाती पुन्हा बसवून दिली असती. त्या शिव्या टाळण्यासाठी मी जुमैऱ्याला गेलो आणि बाण अरबाबांच्या हातात दिले.

अरबाब सप्टेंबरमध्ये कारखान्यात आले तेव्हा मी ऑर्डर घ्यायला तिथेच बसलो होतो. त्यांनी उरलेल्यांतला एक बाण टेबलावर ठेवला. रागावले नव्हते, त्यामुळे जास्तच जड झालं. "इसका सर हिलता है," ते म्हणाले. हरणाला बाण मागे, पोटात लागला होता. हरीण झुडपात गेलं. अंधार पडेपर्यंत शोधलं, सापडलं नाही.

भाईंनी बाण फळीवर फिरवला. पातं थरथरत होतं. पुन्हा फिरवला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "गाडीत उन्हात ठेवले नव्हतेस ना?"

"नाही भाई," मी म्हणालो. "सरळ गेलो होतो."

त्यांनी क्षणभरही शंका घेतली नाही. तुम्ही घेतली असती, मीही घेतली असती. ते अरबाबांकडे वळले आणि ज्या तोंडातून चूक कबूल झालेली मी कधी ऐकली नव्हती, त्या तोंडातून म्हणाले, "मेरा गलती है अरबाब. मेरा नजर गया."

अरबाबांनी खांद्यावर हात ठेवला. "खलास, हबीबी. नया बनाओ."

"नहीं अरबाब. अब नहीं."

पुढच्या आठवड्यात मी गेलो तर भाईंच्या नाकावर जाड काड्यांचा चष्मा होता. चष्मेवाल्याने नंबर अगदी किरकोळ काढला होता, तरी त्यांनी तो हट्टाने लावला. भिंतीतले दोन खिळे उपटलेले होते. दरवाजाची चौकट तयार झाली की ते कामगाराला हाक मारत, "बघ रे, काटकोनात आहे का? मला नक्की दिसत नाही." चौकट काटकोनातच असायची. समोरच्या गोदामावरचा बोर्ड त्यांनी त्यानंतर कुणाला वाचून दाखवला नाही.

मी रोज ठरवायचो, आज सांगू. एक वाक्य तर होतं. पण जितके दिवस गेले तितकं ते वाक्य लांबत गेलं. आता नुसतं खरं काय ते सांगून भागणार नव्हतं, इतके दिवस का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार होतं. काही वर्षांनी त्यांनी कारखाना विकला आणि ते गावी गेले.

निवृत्त होऊन मी भारतात परतलो, तेव्हा पहिल्याच महिन्यात मुद्दाम त्यांच्या गावी गेलो. एसटीत सगळं वाक्य मनात घोकलं होतं. भाई पडवीत खुर्चीवर बसले होते, अंगाने अर्धे झालेले. मला ओळखून म्हणाले, "अरे लाकूडवाल्या! इकडे पण भंगार विकायला आलास काय?" भाभींनी घावन आणि नारळाचा रस आणला. मी दोनदा "भाई, एक सांगायचं होतं" म्हणालो आणि दोनदा घावनाचं कौतुक केलं.

जेवण झाल्यावर त्यांनी आतून एक बाण मागवला. त्यांनी स्वतःसाठी ठेवलेला, कधीही न मारलेला एकच. म्हणाले, "फिरव. मला आता खरंच काही दिसत नाही."

मी फरशीवर टोक टेकवून बाण फिरवला. तो इतका स्थिर फिरला की हलतोय हे पिसांच्या रंगावरूनच कळत होतं.

"झोपला?" त्यांनी पुढे झुकून विचारलं.

"झोपला, भाई."

"खरं सांगतोस?"

"खरं."

ते मागे टेकून बसले. "तुझा भरवसा आहे," म्हणाले. "मग एखादा तरी जमला होता म्हणायचा."

तेव्हा सांगायला हवं होतं. माझ्या तोंडात ते वाक्य होतं, आणि मी एसटीची वेळ विचारली. त्यानंतर पावसाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला, की भाई गेले. मी त्याला म्हणालो, फार वाईट झालं. तेवढंच म्हणालो.

म्हणून ते वाक्य इथे लिहून ठेवतो, जसं त्या पडवीत म्हणणार होतो तसं. भाई, सगळेच जमले होते. सगळे झोपलेले होते, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मी बाण उन्हात ठेवून चहा पीत बसलो, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. तुमची नजर शाबूत होती. मला माफ करा.