पानथरी नसलेली लेक

माझी मुलगी एस.टी.त कंडक्टर आहे. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. गंगाखेडच्या बाजारात सांगते, लग्नाच्या पंगतीत सांगते, माझ्या शिलाईच्या दुकानात ब्लाऊज शिवायला टाकणाऱ्या बाईची मापं घेता घेता सांगते. "दिवसभर उभ्यानं? झेपतं का तिला?" असं कुणी म्हणालं की मला बरंच वाटतं. पुढचं सांगायला वाट मिळते.

पुढचं म्हणजे, हीच पोर लहानपणी शाळेच्या मैदानाला एक चक्कर मारली तरी मटकन खाली बसायची. ओठ पांढरे पडायचे, डोळे पिवळे दिसायचे. कावीळ म्हणून आम्ही तेल-तूप बंद केलं, उसाचा रस पाजला, एका गावी जाऊन दंडात मुळी बांधून आणली. पिवळेपणा जरा उतरायचा आणि पुन्हा चढायचा. तिच्या वडिलांचेही डोळे थोडे पिवळसरच. ते कॉलेजात क्लार्क होते, सुपारीचं खांडही तोंडात टाकत नसत. तरी नवीन माणूस त्यांच्याकडे बघून 'घेतात वाटतं' अशीच समजूत करून घ्यायचा.

तिचे शाळेचे कपडे मीच शिवायची. दुसरीच्या वर्षी फ्रॉक पुढून वर उचलला जायला लागला. माप घेतलं तर छातीपेक्षा पोट जास्त. जंत झाले असतील म्हणून औषध दिलं, फरक पडला नाही. एकदा टेप लावताना डाव्या बरगडीखाली माझा हात थांबला. आत काहीतरी टणक लागत होतं, कच्च्या पपईला हात लावावा तसं.

"दुखतंय का गं?"

"न्हाई. पण पोट लवकर भरतंय माय. अर्ध्या भाकरीतच."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं रेल्वेनं परभणीला गेलो. लहान मुलांच्या डॉक्टरबाईंनी तिला झोपवलं, बोटांनी पोट चाचपलं आणि टणकपणा संपला तिथं पेनानं रेघ मारली. रेघ पार बेंबीजवळ आली. "हिची पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय," त्या म्हणाल्या.

पानथरी हा शब्द मी माहेरी ऐकला होता. हिवतापानं कुणाचं पोट सुटलं की जुन्या बायका म्हणायच्या, पानथरी वाढली. ती कुठं असते आणि काय करते, ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी लेकीचं रक्त घेतलं आणि मग ह्यांच्याकडे वळल्या. "तुमचे डोळे दाखवा बरं."

"मी पीत नाही मॅडम," हे आधीच म्हणाले.

त्या हसल्या आणि ह्यांचंही रक्त घेतलं.

तपासण्या आल्यावर त्यांनी आम्हाला समोर बसवून नीट समजावलं. रक्तातल्या तांबड्या पेशी चपट्या असतात. आमच्या घरात त्या गोल होतात. ह्यांच्यात थोड्या, लेकीत जास्त. पानथरीत बारीक बारीक फटी असतात. चपटी पेशी त्यातून वाकून निघते, गोल अडकते, आणि अडकलेली पेशी पानथरी मोडून टाकते. त्यातूनच हा पिवळेपणा आणि हा थकवा. मला ते लगेच कळलं. चपटं बटण काजातून आडवं सरकतं, गोल गुंडी जात नाही.

"म्हणजे पानथरी बिघडलीय," मी म्हटलं.

"नाही हो. ती आपलं काम चोख करतेय. जुन्या, खराब पेशी काढायच्या आणि रक्तात शिरलेले जंतू पकडायचे, हेच तिचं काम."

पुढचं बोलताना त्या थांबत थांबत बोलल्या. पानथरी काढली की रक्त टिकेल, पोर खेळायला लागेल. पण काही जंतूंच्या अंगावर गुळगुळीत कवच असतं. रक्तातून त्यांना वेचून काढण्यात आणि त्यांच्याविरुद्ध लढायची तयारी करण्यात पानथरीचा हात कुणी धरू शकत नाही. ती नसेल तर साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर येऊ शकतो. म्हणून पोर थोडी मोठी होऊ द्यायची, आधी लसी द्यायच्या, मग ऑपरेशन.

आम्ही थांबलो. रोजची गोळी चालू होती. रक्त फारच उतरलं तर परभणीला जाऊन चढवायचं. ह्यांच्या सगळ्या रजा त्यातच गेल्या. ऑपरेशनच्या काही आठवडे आधी लसी झाल्या आणि आम्ही संभाजीनगरला गेलो. तिथले सर्जन तपासायला आले तेव्हा लेकीनं त्यांना विचारलं, "ती काढल्यावर तिचं काम कोण करणार?"

सर्जन खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. "थोडं यकृत करेल. थोडं लसी करतील. राहिलेलं तू करायचंस."

"मी काय करू?"

"ताप आला की थांबायचं नाही. उद्या बघू, असं म्हणायचं नाही. दवाखाना गाठायचा."

"हाव," ती म्हणाली. मोठ्या माणसानं काम सांगावं आणि आपण ते घ्यावं, तसं तिनं ते घेतलं.

ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर थोड्याच दिवसांत ती माझ्या दुकानातल्या आरशाजवळ गेली, खालची पापणी ओढून बघत राहिली आणि ओरडली, "माय, माझे डोळे पांढरे हायेत!" त्या आठवड्यात तिनं दीड भाकरी खाल्ली. मी चुलीपुढे बसून बघतच राहिले.

रोज एक पेनिसिलिनची गोळी बरीच वर्षं चालली. मला कधी आठवण करून द्यावी लागली नाही. हिवतापही तिला जड गेला असता, म्हणून मच्छरदाणी ती स्वतः लावायची. कुत्र्याच्या तोंडातल्या जंतूंचीही भीती, म्हणून त्याचा नुसता दात लागला तरी दवाखान्यात जायचं, हे तिनं मैत्रिणींनाही सांगून ठेवलं होतं. गल्लीतल्या काही बायका म्हणायच्या, पोरगी अधू झाली. तोवर ती शाळेच्या खो-खोच्या संघात गेली होती.

शिक्षण झाल्यावर ह्यांनी तिच्यासाठी बसायची नोकरी शोधायला सुरुवात केली. ती म्हणाली, "बसून बसून लय झालं बाबा." एस.टी.ची भरती निघाली, तिनं अर्ज भरला. वैद्यकीय तपासणीत पानथरीचं तिनं स्वतःहून सांगितलं. खाकी गणवेश मी बाहेरच्या शिंप्याकडे टाकू दिला नाही, मीच शिवला.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ती जालन्याच्या गाडीवर होती. सकाळी देवगाव फाट्याला गाडी चहासाठी थांबली. उतरताना तिला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. बॅगेत डॉक्टरांनी देऊन ठेवलेलं अँटिबायोटिक होतं, ते तिनं तिथल्या तिथं घेतलं. ड्रायव्हर वयानं मोठे, मायाळू. ते म्हणाले, "थंडी बाधली आसंल पोरी. गरम चहा घे, बरं वाटंल."

"काका, मला पानथरी न्हाई. मला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जावं लागतंय."

काकांना पानथरी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण तिचा आवाज ऐकून त्यांनी पुढं काही विचारलं नाही. तिनं डेपोला फोन केला. प्रवाशांना मागून आलेल्या गाडीत बसवून दिलं, तिकिटाचं मशीन काकांच्या हातात दिलं आणि सेलूकडे निघालेल्या जीपमध्ये बसली. जीपमधून मला फोन केला. आवाज कापत होता, पण सांगणं सरळ होतं. "माय, घाबरू नको. मला ताप हाय. मी सेलूला चाललेय, तिथून परभणीला आणतील. तू परभणीला ये."

सेलूच्या दवाखान्यात तिनं पहिलं वाक्य तेच सांगितलं, "मला पानथरी नाही." तिथल्या तरुण डॉक्टरनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि नर्सला हाक मारली. रक्त घेतलं, लगेच शिरेतून औषध सुरू झालं, अँब्युलन्स निघाली. आम्ही परभणीला पोचलो तेव्हा तिचं ब्लडप्रेशर फार खाली गेलं होतं आणि ती आयसीयूत होती. काचेतून तिच्याकडे बघताना ह्यांनी माझा हात धरला होता. एवढ्या वर्षांच्या संसारात चारचौघांत त्यांनी माझा हात धरलेला मला आठवत नाही.

संध्याकाळपर्यंत ब्लडप्रेशर सावरलं. पुढे रक्ताचा अहवाल आला. तेच कवचवाले जंतू निघाले. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, "चहा पिऊन ड्यूटी पुरी केली असती तर अवघड होतं. वेळेवर कुणी आणलं हिला?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "ती स्वतः आली."

हे तीन शब्द बोलताना माझा ऊर भरून आला होता. रडू येत होतं, पण ते दुःखाचं नव्हतं.

महिन्याभरात ती कामावर रुजू झाली. पुढच्या उन्हाळ्यात जिंतूरहून एक स्थळ आलं. मुलाचं बी-बियाण्याचं दुकान. मी तिला म्हटलं होतं, आधी पोहे खाऊन होऊ दे, मग हळूहळू सांगू. तिनं पोह्यांच्या बश्या ठेवल्या आणि समोर बसली.

"मला पानथरी नाही," ती मुलाला म्हणाली. "तब्येत चांगली आहे. पण ताप आला तर लगेच दवाखान्यात न्यावं लागेल. घरात कार्य असलं तरी. चालेल का?"

मुलाच्या आईचा चमचा बशीतच थांबला. मुलगा हसला नाही. त्यानं विचारलं, "म्हणजे आधी थर्मामीटर लावायचा?"

"हुडहुडी भरली तर थर्मामीटर शोधायचा नाही. गाडी शोधायची."

त्यानं मान हलवली. मग त्याच्या आईनं विचारलं, "आन लेकरं झाली तर त्यांनाबी आसंच?"

"रक्ताचं दुखणं बाबांकडून आलंय. होऊ शकतं, नाहीबी होऊ शकत," लेक म्हणाली. "झालं तर आता इलाज ठाऊक हाय."

त्या बाईंनी बशीतले उरलेले पोहे संपवले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमची पोरगी लय रोखठोक हाय."

"हाव," मी म्हटलं, आणि त्यांना अजून पोहे वाढले.

लग्न दिवाळीनंतर झालं. फ्लूची लस ती दरवर्षी घेते. यंदा जावयानं विचारलं, घरातल्या माणसांनी घेतली तर तिला आणखी बरं ना? डॉक्टर हो म्हणाले. तेव्हा तो गेला आणि आईलाही सोबत घेऊन गेला. विहीणबाईंनी मला फोन करून सांगितलं, "मला सुईचं लय भ्या वाटतंय बघा. पण सुनंसाठी दंड पुढं केला."