आक्काची पुरचुंडी

नलिनीवहिनी गेल्याचा फोन आला, तेव्हा मी कतारमध्ये, रास लफानच्या कामावरून अल खोरला घरी परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होतो. जयंत, वहिनींचा नवरा आणि माझा जुना शेजारी, हॉस्पिटलमधून बोलत होता. "गेली रे ती," म्हणाला, आणि त्याच दमात, "किल्ली आहे ना तुझ्याकडे? दुपारचं फिरवायचं राहिलंय." फिरवायची होती ती कोळ्याच्या अंड्यांची पुरचुंडी. बायको गेली त्या घटकेला माणसाला हे आठवावं, याचं कुणाला नवल वाटेल. मला त्या दोघांचा संसार माहीत होता.

वहिनी मूळच्या नाशिकच्या, इथे शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. कतार सोडून जाणारे लोक मागे मांजरं, पोपट, कुंड्या ठेवून जातात. वहिनींच्या एका सहकारी बाईंनी काचेच्या पेटीसकट टॅरँट्युला कोळीण ठेवली. तळहाताएवढी, काळीभोर, केसाळ मादी. दिवसभर एका जागी बसून घरावर नजर ठेवते म्हणून वहिनींनी तिला आक्का म्हणायला सुरुवात केली. जयंतची मात्र पाचावर धारण बसली. आक्काची पेटी ठेवलेल्या खोलीत त्याने कधी पाऊल टाकलं नाही, वहिनींचा चहासुद्धा उंबऱ्यावर ठेवून पळायचा.

दोह्यातल्या अबू हमूरला हौसेने कोळी पाळणाऱ्या एका डॉक्टरांकडून वहिनींनी नर आणला, ती संध्याकाळ मी विसरणार नाही. मादी नराला खाऊ शकते, म्हणून मध्ये सरकवायला मला पुठ्ठा देऊन बसवलं होतं. नर पुढचे पाय जमिनीवर आपटू लागला... टकटक, थांबून पुन्हा टकटक. आक्का बराच वेळ ढिम्म. मग तिनेही पाय आपटून उत्तर दिलं. वहिनी कुजबुजल्या, "भाऊजी, माणूस नव्हता ना पृथ्वीवर, तेव्हापासून चाललंय हे." मी देवळात बसल्यासारखा हात जोडून बसलो, पुठ्ठा मांडीवर तसाच. नर वाचला तो त्याच्या नशिबाने.

पहिली पुरचुंडी आक्कानेच खाऊन टाकली. एसी साफ करायला आलेल्या लोकांच्या खडखडाटाने ती बिथरली होती. वहिनी जराही चिडल्या नाहीत. इथे पिल्लं जगणार नाहीत असं वाटलं असेल तिला, म्हणाल्या. दुसरी पुरचुंडी मात्र त्यांनी महिन्याभराने काढून डब्यात ठेवली. आता आईचं काम आपलं. दिवसातून चारदा ती हाताने हलकेच फिरवायची, नाहीतर अंडी एकमेकांना चिकटून मरतात. त्याच आठवड्यात त्यांना ॲडमिट व्हावं लागलं. कॅन्सर पसरलाय हे त्यांना ठाऊक होतं. जयंत घामाघूम होत त्या खोलीत शिरला आणि रोज पुरचुंडी फिरवू लागला. पण वहिनींनी एकदाही त्याबद्दल विचारलं नाही, हे त्याला फार लागलं. "तिला खात्रीच आहे, मला जमायचं नाही," म्हणायचा.

वहिनी गेल्यावर त्यांना नाशिकला नेलं. तेरावं करून जयंत परत येईपर्यंत ते काम मी केलं. आला तसा त्याने डबा समोर घेतला आणि पुरचुंडी कापली. आत साबुदाण्याएवढी शंभराच्या वर पिल्लं... हलत होती, चालत होती. पन्नाशी उलटलेले आम्ही दोघं ढसाढसा रडलो. पिल्लं लवकर वेगळी केली नाहीत तर एकमेकांना खातात, म्हणून डब्या शोधायला जयंतने वहिनींचं कपाट उघडलं. हॉटेलात शोरमा रोलबरोबर लसणाची चटणी मिळते त्या इवल्याशा डब्या, धुतलेल्या, झाकणांना सुईने भोकं पाडलेली, तळाशी माती, ओळीने तयार. आणि त्यांच्यावर एक ब्रश. वहिनी आक्काची पेटी साफ करायला बोटाएवढा ब्रश वापरत. हा त्यांनी हातभर लांब काठीला बांधला होता, तीन ठिकाणी दोऱ्याच्या गाठी मारून... भिणाऱ्या माणसाला लांबूनच पिल्लं उचलता यावीत म्हणून. विचारायची गरजच नव्हती त्यांना. जयंतने ती काठी हातात घेतली आणि पहिलं पिल्लू उचललं.

आता तो रोज संध्याकाळी त्या खोलीत खुर्ची टाकून बसतो. भीती कधीच गेली, असं सांगतो. तरी पिल्लं उचलतो ती त्याच लांब काठीने.