शेवटी आला त्याचं पान

मावशीचा फोन आला तेव्हा तिखट ऑफिसातच होती. ‘तिखट’ हे नाव ऑफिसनंच दिलेलं आणि तिनं ते कधी नाकारलं नव्हतं.

मावशी म्हणाली, “लॅबच्या साइटवर माझा रिपोर्ट उघडला. माझं प्रोस्टेट वाढलंय म्हणे. या वयात आणखी काय काय उगवणार आहे गं मला?”

तिखट हसली नाही. ती साइट याच ऑफिसनं बनवली होती. आत कोण आलंय हे पानोपानी लक्षात ठेवायचं, तर प्रत्येकाची खूण वेगळी जपावी लागते. साहेबांनी घाईत सगळ्यांसाठी एकच जागा ठेवली. शेवटी जो लॉगिन करेल त्याचं नाव तिथं, आणि पुढचं पान उघडलं की सगळ्यांसमोर त्याचंच पान.

ऑफिसात हे उघडं पडलं नाही, कारण इथली रीत. साइटची चाचणी करणारा लॉगिनआधी ओरडायचा, “मी आत जातोय,” की बाकीचे कीबोर्डवरून हात उचलायचे. तिखटनं कारण विचारलं होतं. साहेब म्हणाले होते, आधी चालू तर होऊ दे.

आता तिनं ‘साइट बंद करा’ म्हटलं, तर साहेबांनी लोकांवर ढकललं. लोक लॉगआउट करत नाहीत. शिवाय दुपारी लॅबचे मालक येणार, तोवर कळ काढ. चोर सोडून संन्याशाला फाशी.

तिनं स्वतःच्या नावानं लॉगिन केलं. “आता तुम्ही. तुमच्या खात्यानं. ओरडू नका.”

साहेबांनी केलं. तिनं आपलं पुढचं पान उघडलं आणि न वाचता लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी स्वतःचाच रिपोर्ट वाचला, झटकन झाकण मिटलं.

“हे आणखी कुणाला दिसलं?”

“लोक हेच विचारतील.”

साहेबांनी स्वतः साइट बंद केली आणि सूचना लावली: ‘देखभालीसाठी बंद’.

तिखटनं मावशीला कळवलं, तो रिपोर्ट दुसऱ्याचा होता.

“ते कळलंच होतं. मग माझा कुणी वाचला?”

“माहीत नाही, मावशी.”

खरंच माहीत नव्हतं. कोणी काय पाहिलं, याची नोंदच ठेवलेली नव्हती. फोन ठेवून तिनं नवी सूचना लिहिली: ‘आमच्या चुकीमुळे तुमचा रिपोर्ट दुसऱ्या कुणी पाहिला असू शकतो.’ साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले. ही सूचना लावू नकोस, मालक येतायत, असं काहीसं पुटपुटले.

तिनं मान न वळवता सूचना लावण्यासाठी लॉगिनचं पान उघडलं.

“मी आत जातेय,” ती मोठ्यानं म्हणाली.

सवयीनं सगळ्यांनी कीबोर्डवरून हात उचलले.