कुणी धुतलंय हे?

काचेचं भांडं हातात आलं की ती आधी ते उजेडाकडं धरायची. एक डोळा मिटून आत बघायची आणि विचारायची, "कुणी धुतलंय हे?"

उत्तर काहीही आलं तरी फरक पडत नसे. मी स्वतः धुतलंय असं सांगितलं तरी "बरं, सर" म्हणून ती नळाकडं जायची आणि तीनदा विसळून आणायची. आमच्या महाविद्यालयात पाण्याची टाकी दिवसाआड भरत असे. प्रयोगशाळेचे परिचर शेखमामा वैतागायचे. "बाई, तू पास हो आन् जा बरं लवकर. तुझ्यापायी टाकी खाली व्हायलीय."

"मामा, निकाल चुकला तर तुमचंच नाव सांगणार हाय मी," ती म्हणायची.

तुमच्यापैकी जे त्या वर्षांत विज्ञान शाखेला होते त्यांना ती नक्की आठवत असेल. एका प्रात्यक्षिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिच्या टेबलावरची परीक्षानळी उचलली, तेव्हा ही म्हणाली, "थांबा सर, ती धुवायची राहिलीय." परीक्षकांनी नळी खाली ठेवली आणि तिचे दोन गुण कापले. शेरा तोंडी होता : "फार बोलते." बाहेर आल्यावर मी तिला समजावलं की मोठ्या माणसांना असं तोंडावर बोलू नये. "पण सर, नळी घाणच होती की," ती म्हणाली. मी हसलो. आज ते हसू मला टोचतं.

विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून ती परत आली. आमच्याकडं एवढं शिकलेल्या मुलीनं एक तर स्पर्धा परीक्षेला बसायचं नाहीतर बोहल्यावर उभं राहायचं. हिनं भूमकडच्या आपल्या गावाबाहेर पत्र्याची शेड टाकली आणि खवा करायला लागली. त्या बाजूला खव्याच्या भट्ट्या गावोगाव आहेत. लाकडं पेटवायची, कढईत दूध ओतायचं आणि आटेपर्यंत धुरात उभं राहून खुरप्यानं ढवळत राहायचं. तिची आई अशाच भट्टीवर काम करायची. आईचे डोळे बारा महिने लाल असत.

हिनं जुना बॉयलर मिळवला, वाफेवर तापणारी कढई करून घेतली आणि तिच्यात फिरणारी पाती बसवली. धूर नाही, लाकूड नाही. हाताखाली गावातल्या चार बाया घेतल्या. हाताखाली हा माझा शब्द. मालकीण कोण म्हणून कुणी विचारलं की ती त्या चौघींकडं बोट दाखवायची. शेडमधल्या नळाच्या वर तिनं रंगानं एकच शब्द लिहिला होता : तीनदा.

खवा पांढराशुभ्र निघायचा. व्यापारी तो तळहातावर घासून बघत, वास घेत आणि म्हणत, "एवढा पांढरा? धुराचा वास कुठाय?" "धूर खायचा असंल तर चूल चाटा की," ती सुनवायची. हळूहळू तेच व्यापारी परत येऊ लागले.

आता महाविद्यालयाचं सांगतो. आमच्याकडं उद्योजकता कक्ष होता. म्हणजे एक खोली, एक पाटी आणि एक कुलूप. त्या कक्षाचा प्रमुख मी, आणि किल्लीही माझ्याकडंच. तिला एकदा बॉयलरचं पाणी तपासून हवं होतं, तर तिचा अर्ज तीन सह्यांसाठी दीड महिना फिरला. शेवटी तिनं ते दुसरीकडून तपासून आणलं. पण माजी विद्यार्थी उद्योजक मेळावा ठरला तेव्हा तिचा फोटो दोन दिवसांत फ्लेक्सवर लागला. मथळा होता, 'आम्ही घडवले'. काय घडवलं होतं आम्ही? पाण्याची टाकी रिकामी केली म्हणून रागावलो होतो, एवढंच.

मेळाव्यात माझं एक टेबल होतं, 'भेसळ ओळखा'. खवा पाण्यात उकळायचा, थंड करायचा आणि त्यावर आयोडिनचे दोन थेंब टाकायचे. पीठ, म्हणजे स्टार्च, मिसळलेलं असेल तर निळं होतं, नसेल तर पिवळट राहतं. शुद्ध नमुना म्हणून मी मुद्दाम तिचाच खवा घेतला. मला तिचं कौतुक करायचं होतं, हे कुणी मानो न मानो. प्रयोगशाळेतून घाईत उचलून आणलेली बीकरं टेबलावर होती. त्यातल्या एकावर बोटांचे ठसे दिसले म्हणून मी ते रुमालानं पुसलं आणि तिचा खवा त्यातच उकळला. ती समोरच उभी होती. तिच्या मागं पोरं मोबाईल धरून उभी होती.

मी थेंब टाकले आणि बीकरमधलं पाणी निळं झालं.

त्या क्षणी मला माझ्या हाताची शंका आली नाही, तिच्या हाताची आली. माझ्या हातात माईक होता. मी म्हणालो, "यात पीठ आहे. माणूस खोटं बोलेल, रसायन बोलत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती बीकरकडं बघत राहिली. मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि आपल्या टेबलावरचे खव्याचे डबे पिशवीत भरायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेखमामांनी विचारलं, "सर, स्टार्चचं बीकर कुणी नेलं हो? परवाच्या प्रॅक्टिकलचं, धुवायचं ऱ्हायलं होतं माझं. वाळून पार काचेसारखं झालतं."

मी दार लावून घेतलं. तिचा उरलेला खवा फ्रीजमध्ये होता. नवं बीकर तीनदा धुतलं आणि पुन्हा थेंब टाकले. पिवळट. आणखी एकदा केलं. पिवळट.

मी प्राचार्यांकडं गेलो, हे खरं आहे. ते म्हणाले, "पुढच्या आठवड्यात तपासणी समिती येतेय. आमच्या प्रयोगशाळेत भांडी धुत नाहीत असं लिहून देऊ का त्यांना? चार दिवसांत विसरतात लोक." पुढचं वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं : प्राचार्यांचं बोलणं ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. प्राचार्यांनी मला गप्प बसवलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. मला फक्त निमित्त हवं होतं.

लोक चार दिवसांत विसरले नाहीत. तो निळा रंग आणि माझा आवाज जिल्हाभर मोबाईलवर फिरला. व्यापाऱ्यांनी तिचा खवा उचलणं बंद केलं.

आठव्या दिवशी ती प्रयोगशाळेत आली. "सर, उरलेला खवा परत तपासला का?"

"नाही," मी म्हणालो. "वेळच झाला नाही."

"बरं, सर." तिनं पाणी मागितलं, प्यायली, ग्लास तीनदा विसळून पालथा ठेवला आणि गेली. पुढच्या काही महिन्यांत शेड बंद पडली. कढई भंगारात गेली. चौघी बाया पुन्हा लाकडाच्या भट्टीवर गेल्या. यथावकाश मी निवृत्त झालो. सत्कारात माझ्या सचोटीबद्दल तिघे जण बोलले.

यंदा माजी विद्यार्थी संघानं मला स्मरणिकेसाठी लेख मागितला : 'आपल्या महाविद्यालयानं दिलेले उद्योजक'. सोबत नावांची यादी होती. त्यात तिचं नाव नव्हतं. मी फोन केला तर संपादक म्हणाले, "ती? ती भेसळवाली ना सर? जरा सकारात्मक लिहा की."

मी फोन ठेवला आणि तिचा पत्ता शोधला. ती सोलापूरला एका डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. दुसऱ्यांचं दूध तपासते. एस.टी.नं गेलो. जेवणाच्या सुट्टीत ती फाटकाबाहेर आली आणि आम्ही चहाच्या टपरीवर उभे राहिलो. टपरीवाल्यानं बादलीत बुडवून काढलेल्या ग्लासात चहा दिला. मला वाटलं, आता ग्लास उजेडाकडं धरेल. तिनं तो तसाच तोंडाला लावला.

"त्या दिवशी बीकर धुतलेलं नव्हतं," मी म्हणालो.

"माहीत हाय, सर."

"कधीपासून?"

"तवापासूनच. तुम्ही रुमालानं पुसलं ना, तवाच दिसलं मला."

"मग बोलली का नाहीस? परीक्षकांना तर बोलली होतीस."

"परीक्षक परके होते." ती थोडं हसली. "तुम्हाला एवढ्या लोकांत कसं बोलू? वाटलं, तुम्ही परत करून बघाल. तुम्हीच शिकवलंय, निकाल पटला न्हाय तर परत करायचा. आठ दिवस वाट बघितली मी."

"केला होता," मी म्हणालो. "दुसऱ्याच दिवशी केला होता. दोनदा."

चहाचा ग्लास तिच्या हातात तसाच राहिला. हे तिला माहीत नव्हतं. तिच्या लेखी मी इतकी वर्षं निष्काळजी होतो. खोटारडा आता झालो.

तिनं ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला. मी म्हणालो, "सगळं लिहून देतो. सहीनिशी."

"मला नगं. माझं काय, मी इथं बरी हाय. त्या चौघींना द्या. गावात त्यांना अजून पिठाच्या बाया म्हणत्यात. आन् माझं नाव नका घालू त्यात, सर. लई फिरलंय ते." सुट्टी संपली तशी ती आत गेली. मागं वळून बघितलं नाही.

म्हणून हा लेख. तिचं नाव त्यात नाही, ते तिच्याच सांगण्यावरून. खव्यात पीठ नव्हतं. बीकर मी धुतलं नव्हतं. हे कळूनही मी गप्प राहिलो, आणि तिनं विचारलं तेव्हा खोटं बोललो. संपादकांना हे सकारात्मक वाटलं नाही तर मी झेरॉक्स काढून भूमच्या आठवडी बाजारात वाटीन. या वयात मला दुसरं कामही नाही.

इथवर लिहून झाल्यावर पहिली प्रत घेऊन मी गेल्या आठवड्यात तिच्या गावी गेलो. चौघींपैकी थोरल्या कौसाबाईच्या अंगणात बसून सगळं वाचून दाखवलं. कौसाबाईसह तिघी जणी होत्या, चौथी आली नाही. वाचून झालं. मग कौसाबाई म्हणाली, "तवा तुमी एक शब्द बोलला, ते समद्या जिल्ह्यानं ऐकलं. आता एवढी पानं लिहिलीसा. हे कोन ऐकनार, गुरुजी?"

कागदांची घडी घालून मी निघतो म्हणालो.

"पानी पिऊन जावा," ती म्हणाली. उठून रांजणाजवळ गेली. ग्लास घेतला आणि विसळला. पुन्हा विसळला. पुन्हा. मग एक डोळा मिटून तो उजेडाकडं धरला, आतून नीट बघितलं, आणि भरून माझ्या हातात दिला.