हवेत उभं राहणारं विमान आणि आमचे बाबा

काही वस्तू घरात आपोआप साठत जातात. दोऱ्याचे तुकडे, सुटी बटणं, कुणाच्या तरी लग्नातल्या पिशव्या. आमच्या घरात एका विमानाचे किस्से साठले आहेत. मुद्दाम कुणी आणून ठेवले नाहीत. रविवारी चहाबरोबर एखादा येतो आणि मग घर सोडून जातच नाही!

विमान म्हणजे सी हॅरियर. नौदलाचं लढाऊ जेट, विमानवाहू जहाजावरून उडणारं. आता ते सेवेतून गेलं, पण आमच्या ओसरीवर अजून उतरतं. आमचे हे, म्हणजे लक्ष्मण, पंधरा वर्षं त्या जहाजाच्या डेकवर होते. विमान उतरलं की ते जागेवर लावायचं, चाकांपुढे ठोकळे ठेवायचे, साखळ्यांनी बांधायचं, हे त्यांचं काम. मोखाड्याकडच्या पोशेऱ्याचे शिंगडाभाऊ त्याच विमानाच्या इंजिनवर मेकॅनिक होते. तिसरे आमचे गावितसर, हायस्कूलचे. सर नौदलात कधी नव्हते, पण विमानाची माहिती या दोघांपेक्षा जास्त त्यांनाच! दर रविवारी जव्हारच्या आमच्या घरी हे तिघं जमतात. मी चहा देते आणि प्रश्न विचारते. माझं कुतूहल काही संपत नाही.

या विमानाची खुबी अशी की ते हवेत एका जागी उभं राहतं आणि लिफ्टसारखं सरळ खाली उतरतं. जहाजाशेजारी येऊन थांबायचं, मग हळूच बाजूला सरकून डेकवर टेकायचं.

हे आमच्या सासऱ्यांना, बाबांना, कधी पटलं नाही. सगळं तिथून सुरू होतं.

\*

पहिल्या सुट्टीला हे साखरशेतला, आपल्या गावी, आले तेव्हाची गोष्ट. मी तेव्हा या घरात नव्हते, पण इतक्या वेळा ऐकली आहे की मी तिथेच होते असं वाटतं.

अंगणात गावातली माणसं जमली होती. बाबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "लक्षू, काम काय करतोस?"

हे ताठ उभे राहिले. "जहाजावर विमान उतरवतो, बाबा. हवेत उभं राहतं आणि सरळ खाली येतं."

गावातले काशिनाथदादा मुंबईला गोदीत मजुरीला जाऊन आलेले. जग पाहिलेला माणूस! ते म्हणाले, "गोदीत मी चार वर्षं होतो. समुद्रावर विमान उतरताना पाह्यलं नाय. पोरगा कुठल्यातरी हॉटेलात भांडी घासत असंल."

सगळे हसले. बाबा हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. फक्त त्या दिवसापासून कुणी विचारलं, मुलगा काय करतो, तर सांगायचे, "नोकरीला आहे." पुढे एक शब्द नाही.

लग्नानंतर यांनी मला एकदाच सांगितलं, "सगळ्या तालुक्याने मला खोटारडा म्हटलं तरी चालेल. बाबांनी एकदा चार माणसांत म्हणावं, पोरगा खरं बोलतो."

\*

पटवायचे प्रयत्न कमी झाले नाहीत.

यांनी टँकरच्या पाइपाचं उदाहरण दिलं. "बाबा, पाणी जोरात सुटलं की पाइप हातातून उसळतो ना? तसंच. चार नळ्यांतून हवा खाली सोडायची, विमान वर उचललं जातं."

बाबांनी विचार केला. "पाइप नाचतो. उभा नाय राहत."

मी म्हटलं, "बाबा, शेतावर कापशी घार येते. ती नाही का पंख फडफडवत एका जागी थांबत?"

"तिला उंदीर दिसतो म्हणून थांबते. विमानाला काय दिसतं?"

शेवटी गावितसरांनी मोबाइल काढला. व्हिडिओत विमान थांबलं, सरकलं, टेकलं. आम्ही सगळे बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

बाबांनी मोबाइल परत दिला. "यात मारुतीपण उडतो."

\*

शिंगडाभाऊंचं वेगळंच. सी हॅरियरचं इंजिन बदलायचं असेल तर आधी अख्खा पंख उचलून बाजूला ठेवावा लागतो, मग इंजिन वरून बाहेर काढतात. भाऊंनी हे इतक्या वेळा केलं की दुसरी पद्धत त्यांना सुचतच नाही.

पोशेऱ्यात भाताच्या गिरणीची मोटर बंद पडली. मालकाने भाऊंना बोलावलं आणि तो जेवायला घरी गेला. परत येऊन बघतो तर गिरणीवरचे चार पत्रे खाली! भाऊ वर चढून दोरखंडाने मोटर ओढतायत.

"भाऊ, हे काय?"

"मोटर काढतोय."

"अहो, दार आहे की!"

भाऊंनी वरून दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "हे आधी सांगायचं ना!"

\*

एका रविवारी भाऊंच्या मिसेसही आल्या होत्या. मी सहज विचारलं, "विमान हवेत उभं राहतं तेव्हा इंजिन तापत नाही का?"

भाऊ खुश झाले. असा प्रश्न त्यांना कुणी विचारत नाही. म्हणाले, "तापतं ना वहिनी! म्हणून विमानात पाण्याची टाकी असते. उतरताना ते पाणी इंजिनात सोडायचं. दीड मिनिटात सगळं खलास!"

"किती पाणी?"

"असतील की पंधरा हंडे."

भाऊंच्या मिसेस चहा पिता पिता थांबल्या. मोखाड्याकडे एप्रिल-मे महिन्यात दोन हंडे आणायला टेकडी उतरून जावं लागतं, हे इथे कुणाला सांगायला नको.

"पंधरा हंडे? दीड मिनिटात?"

"हो."

"आणि भरायचं कोण?"

"मीच," भाऊ अभिमानाने म्हणाले. "शुद्ध केलेलं पाणी, एक कण चालत नाही."

"म्हणजे तिकडे विमानाला पंधरा-पंधरा हंडे भरलेत! आणि इकडे लग्नाला तीस वर्षं झाली, एक हंडा नाही!"

त्या उन्हाळ्यात शिंगडाभाऊ विहिरीवर दिसायला लागले.

\*

आमच्याकडे पाहुणा आला की त्याची मोटरसायकल बांधली जाते. चोरीची भीती म्हणून नव्हे. जहाज डोलतं, डेकवरची वस्तू सुटी ठेवायची नाही, ही सवय. माझा भाऊ निघायला उठला तेव्हा त्याची गाडी चार बाजूंनी दोरांनी खांबांना आवळलेली. सोडवायला अर्धा तास.

"दाजी, जव्हारला समुद्र कधी येणार?"

"आल्यावर बांधायला घेतलं तर उशीर होतो," हे म्हणाले.

\*

साखरशेतला खळ्यावर धाकट्या जावेच्या कानातलं हरवलं. सोन्याचं, माहेरचं. ती रडायला लागली.

यांनी लगेच सूत्रं हातात घेतली. जहाजावर विमान उडायच्या आधी सगळे जण खांद्याला खांदा लावून ओळीत उभे राहतात आणि मान खाली घालून डेकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतात. एवढासा खडा, एखादा स्क्रू, काही म्हणजे काही राहू द्यायचं नाही. इंजिनाने ओढून घेतलं तर विमान गेलं.

तर खळ्यावर तशीच ओळ लागली. चुलते, चुलत्या, शेजारी, वीसेक माणसं. "खांदा सोडायचा नाही! बोलायचं नाही! हळू!" यांचा आवाज डेकवरचा, त्यामुळे पलीकडच्या पाड्यावरची माणसंही बघायला आली.

सापडल्या तीन सेफ्टीपिना, एक विळ्याची मूठ, काशिनाथदादांची दोन वर्षांपूर्वी हरवलेली किल्ली आणि कुणाचा तरी दात! कानातलं नाही.

दुसरी फेरी झाली. तिसरीच्या आधी जावेने केस नीट बांधायला अंबाडा सोडला आणि कानातलं टपकन तिच्याच पायाशी पडलं.

बाबा बांधावर बसून सगळं बघत होते. म्हणाले, "विमान हवेत उभं करतात, आणि कानातलं बाईच्या डोक्यात आहे ते कळत नाय."

\*

गावितसरांनी एकदा यांना पकडलं. "लक्ष्मणराव, पंधरा वर्षांत एकदा तरी कॉकपिटमध्ये बसला असाल?"

"नाही."

"एकदाही नाही? मी असतो तर..."

"सर, पायलटच्या सीटखाली स्फोटकं असतात, संकटात बाहेर फेकायला. तिथे आमचं काम नाही."

सरांना फार वाईट वाटलं. मग हे म्हणाले, "पण दुपारी डेक तव्यासारखा तापायचा ना, तेव्हा त्याच्या पंखाच्या सावलीत डबा खाल्लाय. किती वेळा!"

सर म्हणाले, "हे पुस्तकात नाही," आणि वही काढून लिहून घेतलं.

\*

मागच्या वर्षी बाबांचे डोळे दाखवायला नेले. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्याला काचबिंदू. डॉक्टरबाई समजावून म्हणाल्या, "औषध चालू ठेवा. पण यांना काही बघायचं असेल, कुठे फिरवून आणायचं असेल, तर आणा लवकर."

बाहेर आल्यावर हे बाकावर बसले. मग म्हणाले, "गोव्याला जाऊ या."

गोव्यात नौदलाच्या जुन्या विमानांचं संग्रहालय आहे. आम्ही चौघे निघालो. बाबा, हे, मी, आणि न बोलावता गावितसर. "मी माझा येतोय," म्हणाले, "तुमच्याबरोबर नाही." मग पूर्ण प्रवासभर बाबांच्या शेजारी बसले आणि त्यांना इंजिनाची माहिती देत राहिले. बाबा झोपले होते.

सकाळी सकाळी पोचलो. उघड्यावर ते उभं होतं. मी फोटोत पाहिलं होतं त्यापेक्षा लहान. टायर बसलेले, रंग उडालेला, आणि ज्या नळ्यांतून आग बाहेर पडायची त्यातल्या एकीत साळुंकीने काड्या भरलेल्या. मला उगाच वाटलं, कुणातरी आजारी माणसाला भेटायला आलोय.

बाबा काठी टेकत त्याच्याभोवती फिरले. तीन फेऱ्या. खाली वाकून नळीला हात लावला. चांगला डोळा नळीच्या तोंडाजवळ नेऊन बघितलं.

"हे आता उडतं?"

"नाही बाबा. बंद झालं."

"मग मला दाखवणार काय?"

इतक्या लांब आल्यावर ही गोष्ट आमच्या लक्षात आली, याची मला लाज वाटली. उडणारं विमान उभं बघायचं होतं बाबांना. हे तर नुसतं उभं होतं!

यांनी पुढच्या चाकावर हात ठेवला. तसाच ठेवून उभे राहिले. मग पाठ फिरवली, पण खांदे हलत होते ते दिसत होतं. एवढ्या वर्षांत मी यांना रडताना पाहिलं नव्हतं. गावितसर दुसऱ्या विमानाची पाटी वाचायला निघून गेले.

बाबा यांच्याकडे बघत होते. विमानाकडे नाही, यांच्याकडे. थोड्या वेळाने म्हणाले, "चल. भूक लागली."

परतीच्या वाटेवर विमानाचा विषय कुणी काढला नाही.

\*

आठ-दहा दिवसांनी साखरशेतला पुतणीची हळद होती. मांडवात पंगत उठली होती, माणसं निवांत बसली होती. शिंगडाभाऊ आले होते, गावितसर आले होते. काशिनाथदादा आता म्हातारे झालेत, पण आवाज तोच. त्यांनी मांडवाच्या त्या टोकावरून बाबांना विचारलं, "काय रे, गोव्याला गेलतास म्हणं! पाह्यलंस का पोराचं इमान? राहतं का हवेत उभं?"

सगळा मांडव हसला. हे पाण्याचा तांब्या घेऊन वाढत होते, ते तिथेच थांबले.

बाबांनी सावकाश सुपारी तोंडात टाकली.

"पाह्यलं."

"काय पाह्यलं?"

"हवेत उभं राह्यलं. त्या आंब्याएवढं उंच. आवाज असा, की कान गेले. धूळ उडाली, माझी टोपी उडाली. हा लक्षू धावला, तवा घावली. मग आलं खाली सरळ, जसं काय कुणी दोराने सोडलं. आणि याने जाऊन बांधलं."

काशिनाथदादांनी यांच्याकडे पाहिलं. हे तांब्याकडे बघत होते.

"किती वेळ उभं होतं?" कुणीतरी मागून विचारलं.

बाबांनी विचार केला. "एक बिडी ओढून होईल तेवढा."

गावितसरांना राहवलं नाही. शेवटी मास्तर! ते हळूच म्हणाले, "बाबा, इतका वेळ नाही राहू शकत ते."

बाबा त्यांच्याकडे वळले.

"मास्तर, तुम्ही होतात का तिथं?"

"मी... म्हणजे, मी होतो, पण..."

"तुम्ही पाटी वाचत होतात," बाबा म्हणाले. "मी बघत होतो."